दंडावरच्या बीसीजीच्या व्रणावर विसंबू नका

प्रश्न असा आहे: लहानपणी घेतलेली बीसीजीची, म्हणजे टीबीची, लस कोरोनासारख्या नव्या विषाणूपासून वाचवते का?

नाही. हेच उत्तर मी एप्रिल २०२० मध्ये घरात दिलं होतं आणि त्यावरून माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणून लिहायला बसले.

मी एएनएम, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स आहे. चोवीस वर्षं बाळांना बीसीजी टोचते आहे. डावा दंड, स्पिरिट लावायचं नाही, ०.०५ मिली, आणि सुई कातडीतच राहिली पाहिजे. बरोबर बसली की मसुराएवढा पांढुरका फुगवटा येतो. तो आला की माझा जीव भांड्यात पडतो. पुढे त्याची पुळी होते, पाणी येतं, आया घाबरून येतात, आणि दोन-तीन महिन्यांत व्रण उरतो. तोच व्रण त्या एप्रिलमध्ये अख्खं गाव एकमेकांना दाखवत होतं. निम्म्या म्हाताऱ्यांनी तर देवीच्या लसीचे व्रण बीसीजीचे म्हणून दाखवले.

त्याला कारण झाला व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी देशादेशांची तुलना केली होती: इटली, अमेरिका, नेदरलँड्समध्ये सगळ्यांना बीसीजी देत नाहीत आणि तिथे माणसं जास्त जातात, जिथे देतात तिथे कमी. तो लेख अजून कुणी तपासलेलाही नव्हता. देशादेशांत वयाचा फरक, तपासण्यांचा फरक, साथ कधी पोचली याचा फरक. यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नव्हतं. १२ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेनं पुरावा नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

दादा एका संध्याकाळी सासूबाईंसमोरच म्हणाले, "अगं, तुमची ती बाटली चार तासांनी टाकूनच देता ना? उरलेलं घरी आण. सगळ्यांना टोच."

बाटली टाकतो हे खरं आहे. बीसीजीत जिवंत जंतू असतात आणि टिकवणारं औषध नसतं, म्हणून पातळ केली की चार तासांत संपवायची किंवा टाकायची. दुसऱ्या काही लसींची उघडलेली बाटली पुढच्या सत्राला चालते, हिची नाही. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "घरच्यांसाठी एवढंही होत नाही?" सासूबाईही गप्प राहिल्या. ते मला फार लागलं. अजून लागतं.

बरं, हे मागत कोण होतं? दादांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असूनही २००९ मध्ये त्यांना फुप्फुसाचा टीबी झाला होता. त्यांच्या नावाचा डॉट्सचा, म्हणजे समोर गिळायला लावायच्या टीबीच्या गोळ्यांचा, खोका आमच्या उपकेंद्राच्या कपाटात होता. एक दिवसाआड मी समोर उभी राहून त्यांना गोळ्या गिळायला लावल्या, सहा महिने. ज्या आजारासाठी लस बनली, तोच त्यांना झाला होता. ते काही त्यांच्या एकट्याचं नशीब नव्हतं. तमिळनाडूतल्या चिंगलपेटमध्ये १९६८ पासून सुमारे २ लाख ६० हजार लोकांवर बीसीजीची चाचणी झाली, आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीला ती अडवत नाही असं निघालं. बाळांना मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती वाचवते. हे लहान काम नाही, त्यासाठीच मी ती टोचते.

१ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना कोविशील्ड मिळायला लागली. दादा तेव्हा एकसष्ट वर्षांचे. यादीत त्यांचं नाव मी स्वतः घातलं. ते आले नाहीत. "माझ्या दंडावर आहे की," हा निरोप पुतण्याकरवी आला. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांना कोरोना झाला, ऑक्सिजन ८२ वर. खाटेसाठी तीन दवाखाने फिरलो, अकरा दिवस ते नळीवर होते. वेळेवर आले असते तर तोवर दोन्ही डोस पदरात पडले असते. ते वाचले, आणि आजही म्हणतात, बीसीजीमुळेच वाचलो.

दादा, तसं नाही. इस्रायलमध्ये १९८२ पर्यंत सगळ्या बाळांना बीसीजी देत, नंतर बंद केली. त्या सालाच्या जरा आधी आणि जरा नंतर जन्मलेल्या तरुणांच्या कोरोनाच्या तपासण्या ताडून पाहिल्या: लस घेतलेल्यांत ११.७ टक्के पॉझिटिव्ह, न घेतलेल्यांत १०.४. ब्राझीलमध्ये तर बाळांना सर्रास बीसीजी देतात, तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आणि मेलबर्नच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, स्पेन, ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या जवळपास चार हजार आरोग्य कर्मचाऱ्यांवर, म्हणजे माझ्यासारख्यांवरच, रीतसर चाचणी केली. २०२३ मध्ये आलेला निकाल असा: सहा महिन्यांत लक्षणांसह कोरोना झालेले बीसीजीच्या गटात १४.७ टक्के, नुसतं सलाइन टोचलेल्यांत १२.३. फायदा दिसलाच नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. टीबी झाला म्हणून बीसीजी कोरोनालाही निरुपयोगी, हा माझा युक्तिवाद घरातल्या भांडणापुरता ठीक आहे, शास्त्र म्हणून नाही. संशोधकांची कल्पना वेगळी होती: बीसीजीनं शरीराच्या पहिल्या फळीच्या पेशी काही काळ अधिक सावध होतात. नेदरलँड्सच्या मिहाई नेतेआ यांचं त्यावर मोठं काम आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मताच बीसीजी दिल्यावर मृत्यू कमी झालेले दिसले, तेही नुसत्या टीबीमुळे नव्हे. बॉस्टनला टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना बीसीजीचे अनेक डोस दिले, तिथे कोरोना कमी झाला. पण ती माणसं दीडशेच्या आत होती. म्हणजे चाचणी करणं योग्यच होतं. आपल्याकडेही चेन्नईच्या टीबी संशोधन संस्थेनं ज्येष्ठांवर केली. पण चाचणीत घेणं वेगळं आणि माझ्या पेटीतलं उरलेलं औषध सैपाकघरात टोचून घेणं वेगळं. त्यातून ज्याला टीबी होऊन गेलाय, त्याच्या दंडावर तर नकोच.

उद्या नवा विषाणू आला तर त्याची लस येईपर्यंत मास्क लावा, खिडक्या उघडा, आणि लस आली की रांगेत उभे राहा. साठ वर्षांपूर्वी टोचलेल्यावर राहू नका. घरात कुणी दंड पुढे करत असेल तर त्याच्याशी भांडा. कोविशील्डच्या वेळी मी गप्प बसले, यादीत नाव घालून थांबले, हात धरून नेलं नाही, हे मला सलतं.

मागच्या वर्षी दादांना नात झाली. बीसीजी मीच टोचली, फुगवटा छान आला. दादा बाकावर बसून होते. सत्र संपल्यावर बाटलीत औषध उरलं होतं. त्यांच्या देखत ती परतीच्या पिशवीत घातली आणि वेळ लिहिली. ते बघत होते. काही बोलले नाहीत.