‘सर काय म्हणतील?’ : मनातल्या आदर्शाला प्रत्यक्ष भेटण्याआधी

“पाच आठवड्यांनी त्यांची गाठ पडणार आहे, आणि मला त्या कामातून अंगच काढून घ्यावंसं वाटतंय.” समुपदेशनाच्या पहिल्या सत्रात खुर्चीवर नीट टेकण्याआधीच त्या हे बोलल्या. वय सदतीस. नाशिकमध्ये स्वतःचं छोटं ऑफिस, जुने वाडे दुरुस्त करणाऱ्या आर्किटेक्ट. आणि ‘ते’ म्हणजे पुण्याचे एक ज्येष्ठ स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या दगडी आणि विटांच्या बांधकामात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. नऊ वर्षं या बाई त्यांचा प्रत्येक लेख वाचत होत्या, व्याख्यानाला मागच्या रांगेत बसून टिपणं काढत होत्या, पण एकदाही समोर जाऊन बोलल्या नव्हत्या. आता एका वाड्याच्या कामात दोघं एकाच टीममध्ये आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या भीती तीन होत्या. समोर गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही. भेटल्यावर माणूस अगदीच साधा निघाला तर इतकी वर्षं जपलेलं काहीतरी मोडेल. तिसरी त्यांनी सत्र संपायला दहा मिनिटं उरली असताना, आवाज खाली आणून सांगितली: “हे प्रेम तर नाही ना? मी घरच्यांपासून काही लपवतेय का?”

ही चिंता घेऊन बरीच माणसं येतात. सर्जनबद्दल निवासी डॉक्टर, विभागप्रमुखांबद्दल नवी प्राध्यापिका, टीम लीडबद्दल प्रोग्रॅमर. स्त्रियाही येतात, पुरुषही. बहुतेकांना लाज वाटत असते, कारण ‘या वयात असं कोणाला देव्हाऱ्यात बसवतात का’ हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच शंभरदा विचारलेला असतो. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, हे आम्ही पहिल्याच सत्रात स्पष्ट सांगतो. आपल्या कामातल्या उत्तम माणसाकडे मन ओढलं जाणं ही शिकण्याची जुनी रीत आहे. एकलव्यानं मातीचा द्रोण समोर ठेवून धनुर्विद्या शिकलीच होती. घात झाला तो खरा द्रोण समोर आल्यावर, कारण तो जे मागेल ते द्यायचं हे आधीच ठरून गेलं होतं.

त्यांच्या फोनमध्ये एक मजकूर होता. ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात, तीन स्क्रीनभर लांबी, आठ महिन्यांपूर्वी लिहायला घेतलेला आणि कधीच न पाठवलेला. दर काही दिवसांनी त्या तो उघडत, एखादा शब्द बदलत आणि बंद करत. ‘ऋणी’ काढून ‘आभारी’, मग पुन्हा ‘ऋणी’. आम्ही तो पुसायला सांगितला नाही. पहिलं काम म्हणून एवढंच सांगितलं: या माणसाबद्दल तुम्हाला जे जे ‘माहीत’ आहे ते एका कागदावर उतरवा, एका ओळीत एकच गोष्ट. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा. स्वतः पाहिलं, ऐकलं किंवा वाचलं असेल तर ‘प’. दुसऱ्या कोणाकडून कळलं असेल तर ‘ऐ’. आणि कुठून आलं ते सांगता येत नसेल तर ‘भ’, म्हणजे आपण भरलेलं.

एकूण तेवीस ओळी झाल्या. सात ‘प’, चार ‘ऐ’ आणि बारा ‘भ’. लेखात नेमकं लिहितात, साइटचे स्वतः काढलेले फोटो दाखवतात, श्रोत्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी थांबतात, ही ‘प’मधली. ‘भ’मध्ये काय होतं? कधी चिडत नसतील. हाताखालच्या माणसांना वेळ देत असतील. माझी ड्रॉइंग पाहिली तर पहिल्या नजरेत चूक ओळखतील. मला समजून घेतील. या शेवटच्या ओळीपुढे ‘भ’ लिहिताना त्यांचा हात थांबला होता.

एका बाबतीत सरस असलेल्या माणसाला आपण बाकीचेही सगळे गुण परस्पर बहाल करतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० सालीच दाखवून दिलं. लष्करी अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांची वेगवेगळी पारख करायला सांगितली, तर सगळ्या गुणांचे आकडे एकमेकांच्या मागे धावत होते. याला वलय-परिणाम म्हणतात. आमच्या मते मात्र वलय ओळखून काम अर्धंच होतं. ती बारा वाक्यं तीच का होती, हे पाहावं लागतं.

दुसऱ्या सत्रात आम्ही विचारलं, “तुमची ड्रॉइंग शेवटची कोणी नीट तपासली होती?” बऱ्याच वेळानं उत्तर आलं: आठ वर्षांपूर्वी, नोकरी सोडण्याआधी. त्यानंतर घरमालक एकतर कौतुक करतात नाहीतर बिलावर घासाघीस. गवंडी सांगितलेलं करतो. घरचे ‘छान आहे’ म्हणतात. ज्याला कळतं असं कोणी कामाकडे पाहतच नव्हतं. म्हणून मनातले सर रोज रात्री ड्रॉइंग तपासायला येत होते. ‘सर काय म्हणतील?’ या प्रश्नानं त्यांचं काम सुरुवातीची काही वर्षं खरोखर सुधारलं. पुढे मनातला हा परीक्षक काही केल्या पास करेना. एका जोत्याचा साधा तपशील त्यांनी चारदा काढला आणि तारीख चुकवली.

‘हे प्रेम तर नाही ना?’ या तिसऱ्या भीतीचं उत्तरही इथेच मिळालं. त्यांना त्या माणसाचा सहवास नको होता, आपल्या कामावर त्याची नजर हवी होती. फरक ओळखायला आम्ही काही साधे प्रश्न विचारतो. कल्पनेत भेट झाली की बोलणं कशावर होतं: कामावर, की एकमेकांवर? त्यांच्या घरच्या आयुष्याची माहिती शोधत बसता का? उलट प्रतिसाद मिळाला नाही की झोप, भूक, काम बिघडतं का? १९७० च्या दशकात डोरोथी टेनोव्ह या मानसशास्त्रज्ञ स्त्रीनं अशा झपाटलेपणाला ‘लिमरन्स’ हे नाव दिलं. त्यात ध्यास असतो तो समोरच्याच्या प्रतिसादाचा. आणि एक घरगुती कसोटी: त्यांना पाठवायचा मेसेज नवऱ्यासमोर मोठ्यानं वाचता येईल का? यांना येत होता, फक्त लांबीची लाज वाटत होती. अशा वेळी घरी ‘कबुली’ द्यायचा घाट घालू नये. नसलेला गुन्हा कबूल केला की ऐकणाऱ्याला तो असल्यासारखा वाटतो.

उरलेल्या तीन आठवड्यांत आम्ही भेटीची तयारी केली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीत ‘च’ पकडायला, म्हणजे ‘झालंच पाहिजे’ हा हट्ट ओळखायला शिकवतात. ‘त्यांना माझं काम आवडलंच पाहिजे’ हे वाक्य त्यांनी लिहून काढलं आणि त्याखाली दुसरं लिहिलं: ‘आवडलं तर मला फार आनंद होईल. नाही आवडलं तर दोन दिवस वाईट वाटेल, आणि वाड्याची भिंत तरीही दुरुस्त करावीच लागेल.’ वाक्य नुसतं पाठ करून उपयोग नसतो. मनाला पटेपर्यंत ते स्वतःच्या शब्दांत फिरवावं लागतं, यांना सहा खर्डे लागले.

मग प्रश्न निवडला, एकच. कामातला, खरा, आणि ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा. त्यांचा प्रश्न होता: जुन्या विटांच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढल्यावर चुन्याचा थर देण्याआधी भिंत किती सुकू द्यायची? (सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, मग क्षार वर येतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. वाड्यांच्या कामात हा नेहमीचा त्रास.) प्रश्न कार्डावर लिहून खिशात ठेवायचा, कारण घाबरल्यावर पहिल्यांदा शब्दच पळतात.

कौतुक करायचं, पण एका वाक्यात आणि नेमकं. ‘सर, मी तुमची फार मोठी चाहती आहे’ म्हटलं की समोरच्याला ‘थँक्यू’ म्हणण्यापलीकडे वाटच राहत नाही, आणि आपण बिचारे तिथेच उभे. त्याऐवजी त्यांचं वाक्य ठरलं: “जोत्यावरच्या पहिल्या तीन थरांबद्दल तुम्ही लिहिलं होतं ते मी दोन ठिकाणी वापरलं, एके ठिकाणी जमलं, दुसरीकडे नाही.” यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. तिथून बोलणं सुरू होऊ शकतं.

सराव तीन फेऱ्यांचा केला. पहिल्या फेरीत समुपदेशक हसतमुख सर झाले, दुसऱ्या फेरीत फोनमध्ये गुंतलेले, तिसऱ्या फेरीत नुसते ‘हं’ म्हणणारे. तिसऱ्या फेरीत त्यांचे डोळे भरून आले. निर्विकार चेहरा म्हणजे नापसंती, असं त्यांचं मन क्षणात वाचत होतं. म्हणून त्याच फेरीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. भेटीच्या आधी पाच मिनिटं श्वास: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. आपली थरथर सगळ्यांना दिसते असं वाटतं, तेवढी ती दिसत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल असं त्यांना वाटलं, प्रत्यक्षात पाव जणांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तीन गोष्टी मात्र करायच्या नाहीत असं ठरलं. पहिल्या भेटीत आपल्या कामाचा सगळा पोर्टफोलिओ उघडायचा नाही. आदरापोटी जास्तीचं काम अंगावर घ्यायचं नाही; ‘उद्या कळवते’ हे उत्तर तयार ठेवायचं. आणि भेटीनंतर चोवीस तास कामाव्यतिरिक्त मेसेज नाही. रात्री अकराचा भारावलेला मेसेज सकाळी आठ वाजता स्वतःलाच वाचायला नको वाटतो.

भेट झाली तशी त्यांनी सांगितली. सर पाऊण तास उशिरा आले, थकलेले होते, नाव विसरले आणि ‘मॅडम’ म्हणाले. ठरलेलं वाक्य निम्मंच बोलता आलं. प्रश्न मात्र विचारला. सर म्हणाले, “नेमकं मलाही सांगता येत नाही. तीन उंचींवर ओलावा मोजत राहा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.” मग ते भिंतीपाशी उकिडवे बसले, गाडीच्या किल्लीनं सांधा खरवडला आणि म्हणाले, “पांढरी माती आहे.” त्या ती भिंत दोन महिने पाहत होत्या. वरचा थरच मातीचा होता, आत चुना होता. पोटात गोळा आला, कान तापले, आणि तरी त्या म्हणाल्या, “सर, आत चुना आहे. थोडं खोल बघा.” किल्ली आणखी बोटभर आत गेली. सरांनी भुकटी बोटांवर चोळली, म्हणाले, “बरोबर,” आणि पुढच्या भिंतीकडे वळले.

पुढच्या सत्रात आनंदाऐवजी उदासी होती. दोन दिवस त्यांना उगाच रडू येत होतं. हे जवळपास नेहमी होतं आणि याबद्दल आधी सांगून ठेवणं आमचं काम आहे. नऊ वर्षं रोज रात्री सोबत करणारं कोणीतरी गेलेलं असतं. याच दिवसांत मन दुसऱ्या टोकाला झुकतं: ‘काय हो, एवढं नाव आणि मातीसुद्धा ओळखता येत नाही!’ ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणून मोकळं होण्याचा मोह फार असतो. आम्ही तिथे थांबवतो, कारण तेही वलयच, फक्त काळं. पुन्हा तो तेवीस ओळींचा कागद काढला. बारातल्या पाच ओळी खोट्या ठरल्या, दोन खऱ्या, बाकीच्यांचं अजून काहीच कळलेलं नव्हतं. ‘प’मधल्या सातही जागच्या जागी होत्या आणि आठवी वाढली: चूक दाखवली तर मान्य करतात.

सगळ्या भेटी अशा होत नाहीत. आपल्या भारावलेपणाचा वास लागून कोणी फुकट कामं लादतं, कोणी कामाबाहेरची जवळीक साधू पाहतं. तेव्हा ‘एवढा मोठा माणूस, माझाच गैरसमज असेल’ हे वाक्य फार नुकसान करतं. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आणि ध्यासानं झोप-जेवण सुटलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

या बाईंसोबतचं शेवटचं काम सरांबद्दल नव्हतंच. ड्रॉइंग तपासणारी माणसं शोधायची होती. त्यांनी नाशिकमधल्या तिघा आर्किटेक्टांना विचारलं, दोघं तयार झाले. महिन्यातून एक शनिवार, दोन तास, प्रत्येकानं एकच ड्रॉइंग आणायचं आणि पहिली दहा मिनिटं ज्याचं ड्रॉइंग त्यानं गप्प बसायचं. शेवटच्या सत्राला त्यांनी एक सुरळी आणली होती. जोत्याच्या त्याच तपशिलावर लाल पेन्सिलच्या दोन वेगवेगळ्या हातांच्या खुणा होत्या, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत पुण्याहून आलेलं एक प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह येऊन चार दिवस झाले होते, उत्तर त्यांनी अजून दिलं नव्हतं. “शनिवारी तिघं मिळून बघू,” असं म्हणून त्यांनी सुरळी गुंडाळली.