डर्ट बाईकच्या सीटचं नवीन कव्हर घरी बसवता येईल का? सुरकुत्या राहतात म्हणे

येईल ना भो, फक्त घाई नको. सीट उलटी करून जुन्या स्टेपलच्या पिना पकडीने उपट, फोम ओला असेल तर वाळव. कव्हर आधी उन्हात टाक, आपल्या जळगावच्या मे महिन्यात तर दहा मिनिटं बास, रेक्झिन मऊ पडलं की मगच ताण. पुढच्या नाकाला मधोमध दोन पिना, मग मागं खेचून दोन, मग डावी-उजवी आलटून पालटून, एकच बाजू सलग मारत गेला तर शिलाई तिरकी जाते अन सुरकुत्या तिथंच येतात. पिना ६ एमएमच्या स्टेनलेसच घे, लांब घेतल्या तर बेसच्या प्लास्टिकमधून आरपार जाऊन बुडाला टोचतील. जास्तीचं रेक्झिन सगळ्यात शेवटी काप.