शेव्हरोले 350 ला व्हॉर्टेक हेड बसवतोय, कॅम कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेव्हरोलेचं जुनं 350 (घन इंच) इंजिन आहे, 76 सीसी चेंबरची (पिस्टनवरच्या जळणाच्या पोकळीची) मूळ हेड काढून 64 सीसीची व्हॉर्टेक (शेव्हरोलेचीच नंतरची) हेड बसवायची आहेत, गाडी रस्त्यावरच चालवायची आहे, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आणि ब्रेक पॉवरचे. मग कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा (लोबचा) दांडा, कोणता?

कॅमची यादी उघडण्याआधी वही घ्या आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, काढा. 350 चा बोअर 4 इंच आणि स्ट्रोक 3.48 इंच, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान साधारण 717 सीसी. पिस्टन सपाट माथ्याचा, त्यात व्हॉल्व्हसाठी 5 सीसीच्या खाचा, दाबलेलं गॅस्केट 0.040 इंच जाड आणि पिस्टन अगदी वर आल्यावरही ब्लॉकच्या कडेपासून 0.025 इंच खाली, असं धरलं तर 76 सीसी चेंबरवर कॉम्प्रेशन सुमारे 8.6 येतं. चेंबर 64 चा केला की तेच साडेनऊच्या पुढे जातं. पिस्टन वाटीसारखे खोलगट असतील तर दोन्ही आकडे बरेच खाली येतात. म्हणून तुमच्या इंजिनात कोणते पिस्टन आहेत हे हेड काढून डोळ्यांनी बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

या आकड्यावर कॅम ठरतो. लांब ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवतो. पिस्टन वर निघालेला असतो, व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो आणि आत घेतलेल्या मिश्रणातलं काही परत मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात असा कॅम घातला की सिग्नलवरून निघताना गाडीत जीवच राहत नाही. शिवाय ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडलला व्हॅक्यूम पडतो आणि पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर चालतात. त्यामुळे तुमच्यासाठी लिफ्टर (लोबवर बसून व्हॉल्व्हकडे ढकलणारा भाग) 0.050 इंच उचलल्यावर मोजलेलं 210 ते 218 अंश ड्युरेशन आणि 112 अंश लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन), याच्यापुढे मी जाणार नाही. मूळ टॉर्क कन्व्हर्टरवरही (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) तो नीट चालेल. आयडलचा तो गडगडाट मलाही फार आवडतो, पण रोजच्या गाडीत त्याची किंमत ब्रेकच्या पेडलवर मोजावी लागते.

आता लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते. व्हॉर्टेक हेड मुळात जशी येतात तशी बसवली तर व्हॉल्व्हची लिफ्ट 0.460 इंचाच्या आसपासच ठेवा. त्यापुढे स्प्रिंगचा रिटेनर (वरची टोपी) खाली येऊन गाइडच्या (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीच्या) सीलला भिडण्याचा धोका असतो. मी हे एकदा केलंय. 0.300 इंच लोबचा कॅम होता, 1.5 च्या रॉकरवर (लोबची उचल दीडपट करून व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीवर) लिफ्ट 0.450 होत होती. मी 1.6 चे रॉकर लावले आणि ती 0.480 झाली. क्रँक पान्याने हाताने फिरवत होतो, एका जागी पाना किंचित जड झाला. स्प्रिंग उतरवून बघितली तर सीलवर रिटेनरच्या कडेचा गोल ठसा उमटला होता. तसंच इंजिन सुरू केलं असतं तर सीलचा चुरा झाला असता. मोठी लिफ्ट हवीच असेल तर मशीनिस्टकडून गाइडचा वरचा भाग कमी करून घ्या आणि स्प्रिंगही बदला. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण 0.060 इंच तरी जागा उरली पाहिजे.

व्हॉर्टेकला इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, बोल्टची रचनाच निराळी आहे. रॉकरही सेल्फ अलाइनिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावर आपोआप सरळ राहणारे, लागतात. हा खर्च आधीच धरा.

शेवटी पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर तपासल्याशिवाय हेड कायमचं आवळू नका. पिस्टनवर क्लेची पट्टी ठेवा, ती व्हॉल्व्हला चिकटू नये म्हणून तेलाचं बोट फिरवा, जुनं गॅस्केट घालून हेड बसवा. हायड्रॉलिक लिफ्टर स्प्रिंगच्या जोरापुढे दबतो आणि माप खोटं येतं, म्हणून तेवढ्यापुरत्या हलक्या स्प्रिंग लावा. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड उतरवा, क्ले ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्निअरने मोजा. इनटेकला 0.080 आणि एक्झॉस्टला 0.100 इंच, याहून कमी नको.

कॅम फ्लॅट टॅपेटचा (लिफ्टरला रोलर नसलेला) असेल तर लिफ्टर नवेच घ्या, जुने त्यावर कधीही चालवू नका. झिंक असलेलं तेल भरा, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलला न सोडता 2,000 ते 2,500 आरपीएमवर 20 मिनिटं चालवा. आयडलला लोबवर तेल पुरेसं उडत नाही.

पिस्टनचा माथा कसा आहे आणि मागच्या अॅक्सलचा रेशो किती, एवढं कळवलंत तर नेमके आकडे काढून देतो.