चावदिसाचे पोहे, तुळशीचं लग्न, नाताळचा दोदोल : वाचकांचे प्रश्न

गणपती पोचवले की कोकणातल्या घरांत पुढची लगबग सुरू होते ती नव्या भाताच्या वासाने. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या घरच्या तयारीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे: सांगितलेल्या मापाने केलं, तरी बिघडलं. छापील मापं बहुधा घाटावरच्या कोरड्या हवेतली असतात. आपल्याकडे समुद्र जवळ, हवा दमट, तांदूळ नवा आणि विहिरीचं पाणी दर वाडीला वेगळं. उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच घरात 'नवं' (नव्या धान्याच्या लोंब्यांची जुडी) बांधायचं आहे. सासूबाई आता नाहीत, विचारायला कोणी नाही. काय काय लागतं आणि कोणत्या दिवशी बांधायचं? (दापोली)

दिवस घराघराप्रमाणे बदलतो. कुठे दसऱ्याला बांधतात, कुठे कोजागरीला. म्हणून तर त्या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. सासरच्या भावकीतल्या एखाद्या थोरल्या जाऊबाईंना विचारून घ्या आणि तोच दिवस धरा.

साहित्य शेतातलं आणि बांधावरचंच: भाताच्या पाच-सात लोंब्या, मिळालं तर नाचणीचं आणि वरीचं कणीस, कुरडूचा तुरा, झेंडूचं फूल. बाहेरून आंब्याची पानं. बांधायला सुंभ किंवा केळीचा वाळका सोप घ्या, कारण प्लास्टिकच्या दोऱ्यात देठ वाळून आकसले की जुडी निसटते. लोंबी पिवळी झालेली पण पुरती वाळलेली नसावी. पूर्ण वाळलेली लोंबी हाताळताना दाणे गळतात आणि आठवड्यात दारावर नुसती काडी उरते. हिरवी घेतली तर दमट हवेत काळी पडते. देव्हारा, मुख्य दार, धान्याची जागा आणि विहीर एवढ्या ठिकाणी तरी बांधावं. मागच्या वर्षीचं नवं काढून गुरांना किंवा माडाच्या आळ्यात घालतात.

त्या दिवशी नव्या तांदळाचा भात किंवा खीर करताना पाणी कमी घाला. जुन्या तांदळाला दुप्पट पाणी लागत असेल तर नव्याला दीडपट पुरतं. नाहीतर गोळा होतो, आणि दोष तांदळाला जातो.

प्रश्न : बाजारात दसऱ्याला आपट्याची म्हणून जी पानं मिळतात, ती खरंच आपट्याची असतात का? (चिपळूण)

पुष्कळदा ती कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत, रुंदीला लांबीपेक्षा थोडं जास्तच. मधली खाच उथळ. कांचनाचं पान मोठं, पातळ, आणि खाच खोल. दोन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणून घोटाळा होतो. आपटा ओळखता येत असेल तर देवापुढे ठेवण्यापुरती चार पानं खुडा. फांद्या तोडून गाडीवर लादण्याची गरज नाही. दर दसऱ्याला ओरबाडलेलं झाड पुढे वाढत नाही.

प्रश्न : चकली तळल्यावर कुरकुरीत असते, दुसऱ्या दिवशी मऊ. भाजणी घरची आहे. काय चुकतं? (देवगड)

सगळ्यात जास्त पत्रं याच दुखण्याची आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

आधी भाजणी. 1 किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, 100 ग्रॅम मूग डाळ, 100 ग्रॅम पोहे, 50 ग्रॅम धणे, 25 ग्रॅम जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत वाळवतात. किनाऱ्यावर एका दिवसात त्या आतून वाळत नाहीत. दाताखाली दाणा कटकन तुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. ओलसर डाळ भाजली की बाहेरून रंग येतो, आत ओल राहते, आणि ती पिठात उतरते. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, वास सुटेपर्यंतच भाजा. फार भाजलं तर पिठाचा चिकटपणा जातो आणि चकली पाडतानाच तुटते. गिरणीत भाजणी तांदळावर किंवा डाळीवर दळून घ्या, गव्हावर नको.

पीठ भिजवताना 4 वाट्या भाजणीला पाव वाटी तेलाचं कडकडीत मोहन आणि सुमारे 2 वाट्या उकळतं पाणी. पाण्यातच मीठ, तिखट, तीळ, ओवा घाला. पीठ घालून ढवळा, झाकून 15-20 मिनिटं ठेवा, मग थोडं थोडं घेऊन मळा. मोहन वाढलं तर चकली तेलात विरते. पाणी वाढलं तर काटा उठत नाही आणि तेल पितं. पाणी कमी पडलं तर वळताना तुकडे पडतात. अशा वेळी सगळ्या गोळ्यात पाणी न ओतता हात ओला करून तेवढाच भाग मळावा.

आता मऊ पडण्याचं खरं कारण. चकली तेलात सोडली की भोवती मोठे बुडबुडे उठतात. ते पिठातल्या पाण्याची वाफ असते. बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे पाणी गेलं. पुष्कळजणी रंग बघून चकली काढतात. तेल फार तापलेलं असेल तर रंग लवकर येतो, आतलं पाणी तसंच राहतं, आणि रात्रभरात ते बाहेरच्या कडक भागात पसरतं. म्हणून तेल आधी नीट तापवा, चकल्या सोडल्यावर आच मध्यम करा, आणि रंगाकडे बघण्याऐवजी बुडबुड्यांकडे बघा.

दुसरं कारण डबा. कोमट चकली डब्यात गेली की झाकणाला घाम धरतो. पूर्ण निवू द्या, पण रात्रभर उघड्यावर परातीत ठेवू नका. खाऱ्या हवेत ती आपोआप सादळते. एका मोठ्या पिंपापेक्षा चार लहान, गच्च भरलेले डबे बरे. एक उघडला तरी तीन सुरक्षित राहतात. सादळलेली चकली परत तळली तर तेलकट होते. ओव्हनमध्ये 120 अंशांवर 10 मिनिटं, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करून गरम करा आणि निवल्यावर खा.

प्रश्न : दिवाळीला मुंबईहून सगळे येतात, आम्ही बाराजण होतो. चावदिसाच्या पहाटेचे पोहे किती आणि कसे करावेत? दूध-पोहे दरवर्षी फाटतात. पोह्यांसोबतचे काळे वाटाणे कधी शिजतात, कधी नाही. (कुडाळ)

चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटे पाच प्रकारचे पोहे मांडायची हौस सगळ्यांनाच असते. पण ताटात प्रत्येक प्रकार मूठभरच असतो. बाराजणांना मिळून 1 किलो कोरडे पोहे पुरतात, उरलेच तर कांदे-पोह्यांतले उरतील.

गावचे नव्या भाताचे पोहे असतील तर त्यांना मुळातच ओल असते. ते भिजत घालू नका. चाळणीत घेऊन पाण्याचा हबका मारा आणि 10 मिनिटं झाकून ठेवा. बाजारचे जाड पांढरे पोहे दोनदा धुऊन निथळा. लाल पोहे मात्र धुतल्यावर 8-10 मिनिटं पाण्यात राहू द्या, त्यांच्यावरचा कोंडा पाणी उशिरा आत सोडतो.

गोडे पोहे करताना पाव किलो पोह्यांना एक नारळ आणि 150 ग्रॅम गूळ. आधी खोबरं आणि चिरलेला गूळ हाताने कुस्करून पाव तास ठेवा. गूळ पाझरतो, खोबऱ्याचा रस सुटतो, आणि त्या रसातच पोहे मुरतात. मग वेलची आणि चिमूटभर मीठ. दूध-पोहे फाटतात ते गरम दुधात गूळ घातल्याने. दूध तापवून पूर्ण गार करा, पोहे त्यात भिजू द्या आणि गूळ पानात वाढताना घाला. नारळाच्या रसातले पोहे केले तर ही भीतीच नाही. दही-पोह्यांचं दही अगदी वाढायच्या वेळी घाला, कारण ऑक्टोबरच्या उष्म्यात ते तासाभरात आंबट होतं.

काळे वाटाणे अर्धा किलो घ्या. 10 ते 12 तास भिजले पाहिजेत, तेव्हा आदल्या दिवशी सकाळी भिजत घालून रात्री शिजवून ठेवा. पहाटे चारला कुकर लावून धावपळ नको. न शिजण्याची कारणं तीन: वाटाणा जुना, बोअरिंगचं क्षाराचं पाणी, किंवा शिजण्याआधी घातलेलं आमसूल. आंबटाने दाणा कडकच राहतो; आमसूल वाटाणा बोटाने दाबून फुटल्यावरच घालावं. पाणी क्षाराचं असेल तर भिजवायला आणि शिजवायला विहिरीचं किंवा पिण्याचं पाणी वापरा. कांदा-खोबऱ्याचं वाटप रात्री वाटाण्यात मिसळू नका, पहाटेपर्यंत आंबतं. वेगळं, फ्रिजमध्ये ठेवा.

प्रश्न : नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने फोडायचं कारीट हल्ली बांधावर दिसतच नाही. दुसरं एखादं फळ चालेल का? बी जिभेला लावणं मुलांना बाधत नाही ना? (मालवण)

कुंपणाच्या कडेला, भाजावळ न केलेल्या (पालापाचोळा जाळून न भाजलेल्या) पडीक जागी दसऱ्यानंतर शोधा. अंड्याएवढं, हिरव्यावर फिकट रेघा असलेलं फळ वेलीच्या देठासकट तोडलं तर चार-पाच दिवस टिकतं. पिवळं पडलेलं घेऊ नका, ते अंगठ्याखाली फुटत नाही, चिवडतं. दिवाळीच्या आधी तालुक्याच्या बाजारात, अगदी दादरच्या बाजारातही कारिटं येतात. दुसरं फळ फोडण्यापेक्षा घरात एकच कारीट असेल तर ते सर्वांत धाकट्याला फोडू द्यावं, बाकीच्यांनी 'गोविंदा' म्हणावं. जिभेला नुसता स्पर्श करायचा असतो. फार कडू असतं; बी किंवा गर गिळू देऊ नका, पोटात ढवळतं. फोडलेलं कारीट परसात खड्ड्यात टाका, त्यातली बी पुढच्या पावसात उगवेल.

प्रश्न : वृंदावन चिऱ्याचं आहे. दरवर्षी तुळशीच्या लग्नाला रंग काढतो आणि महिन्यात पोपडे निघतात. लग्नानंतर तुळसही सुकते. (राजापूर)

दोन्हीचं मूळ घाईत आहे. चिरा पावसाचं पाणी पिऊन बसलेला असतो. वरून रंग लावला की आतली ओल बाहेर पडताना पोपडा घेऊन येते. दिवाळी आटोपताच ताठ ब्रशने शेवाळ खरवडा, धुवा, आणि किमान चार कडक उन्हं खाऊ द्या. मग चुन्याचे दोन पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा. चुना चिऱ्याला श्वास घेऊ देतो. ऑइलपेंट देत नाही, तो टाळा. गेरू सगळ्यात शेवटी.

मुहूर्त कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी, गोरज वेळेला. ऊस, चिंचेचा आणि आवळ्याचा डहाळा, काही घरांत दिंड्याची काठी, अंतरपाटाला धूतवस्त्र, अक्षता, वाटायला कुरमुरे-खोबरं-गूळ. ऊस मातीत खोचताना मुळापासून वीतभर लांब खोचा. बहुतेक तुळशी याच वेळी दुखावतात, पोराने उत्साहाने ऊस मधोमध रोवलेला असतो. हळद-कुंकू पानांवर न टाकता वृंदावनाला लावा, पणत्या फांद्यांखाली नकोत, आणि पंचामृत मुळात ओतू नका. साखरेला मुंग्या येतात. आठ दिवस आधी मंजिऱ्या खुडल्या तर लग्नाच्या दिवशी तुळस नव्या पानांनी भरलेली दिसते. खुडलेल्या मंजिऱ्यांतलं बी राखेत मिसळून ठेवा.

प्रश्न : देवदिवाळी त्रिपुरी पौर्णिमेला की नंतर? (रत्नागिरी)

दोन्ही म्हणतात. कोकणातल्या पुष्कळ घरांत देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, कार्तिकी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी कुलदैवताला आणि ग्रामदैवताला नैवेद्य असतो. तुमच्या घरचा नैवेद्य ज्या दिवशी जातो तोच दिवस तुमचा.

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती घरातून दर नाताळला दोदोल (नारळाच्या दुधातल्या गोड वड्या) येतो. यंदा त्या काकी आजारी आहेत, म्हणून आम्ही करून त्यांना द्यावा असं मनात आहे. जमेल का? (वेंगुर्ले)

जमेल, आणि त्यांना फार बरं वाटेल. फक्त एकट्याने करू नका, ढवळायला दोघं हवीत.

1 वाटी तांदळाचं बारीक पीठ, अर्धा किलो माडाचा काळा गूळ, 3 नारळांचं दूध, मूठभर काजूचे तुकडे, चिमूटभर मीठ. पहिलं घट्ट दूध वेगळं ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या पातळ दुधात गूळ विरघळवून गाळून घ्या. या गुळात हमखास रेव असते. गार झाल्यावर त्यात पीठ कालवा. गरमात कालवलं तर गुठळ्या होतात आणि मग त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, लाकडी उलथन्याने तळ खरवडत सतत हलवा. घट्ट होऊ लागलं की पहिलं दूध थोडं थोडं घाला, मग काजू.

अर्ध्या तासाने तो खळीसारखा घट्ट दिसतो आणि झाला असं वाटतं. झालेला नसतो. गोळा कडेपासून सुटून चकाकू लागला, हात ओढून येऊ लागला आणि कडेने खोबरेल सुटलं, म्हणजे झाला. त्याला तास-दीड तास लागतो. आधी काढलेला दोदोल थंड झाल्यावरही चिकट राहतो आणि दोन दिवसांत बुरशी धरतो. तेल लावलेल्या ताटात थापा, रात्रभर निवू द्या, मग वड्या पाडा. त्या घरी मधुमेह आहे का, हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : संक्रांतीच्या हलव्याला काटाच येत नाही. (अलिबाग)

काटा येतो तो पाक दाण्यावर चटकन सुकला तरच. पहाटेची वेळ थंड असते म्हणून निवडतात, पण किनाऱ्यावर तेव्हाच दव सर्वांत जास्त. ऊन वर आल्यावर, दोरीवरचे कपडे भराभर वाळतात अशा कोरड्या दिवशी बसा. 1 वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी, मळी काढायला चमचाभर दूध, आणि तार येण्याच्या आधीच पाक उतरवा. परात अगदी मंद आचेवर, तीळ किंवा खसखस वाटीभरच. पाक एका वेळी लहान चमचाभर. बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहा आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय दुसरा चमचा घालू नका. पाक जास्त पडला तर दाणे गुळगुळीत होऊन एकमेकांना चिकटतात. हात दाबून फिरवला तर उठलेला काटा झडतो. रोज दोन तास, असे तीन-चार दिवस धरा. मधल्या रात्री हलवा झाकणाच्या डब्यात ठेवा, परातीत नको.