दारात विमान, अंगणात समुद्र : वाचकांचे प्रश्न

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावर १९५०-६० च्या दशकांत अशी काही हॉटेलं होती, जिथे पाहुणा स्वतःच्या छोट्या विमानाने उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे गरवायला निघायचा. गेल्या अंकातल्या त्यांच्यावरच्या टिपणानंतर बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्र. आमचे मामा १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात होते. त्यांच्या अल्बममध्ये समुद्रकाठचं एक बैठं पांढरं हॉटेल आहे आणि शेजारी चार-पाच लहान विमानं उभी आहेत. मागे फक्त ‘पाल्मिया’ लिहिलंय. हॉटेलच्या दारात विमानं कशी? (एक वाचक, ठाणे)

रस्ता नव्हता म्हणून. पाल्मिया हे द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, सान होसे देल काबोजवळ, १९५६ साली सुरू झालेलं हॉटेल. मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष आबेलार्दो रोद्रिगेस यांच्या मुलाने ते काढलं. सुरुवातीला खोल्या अवघ्या १५. तिथे पोचायचं ते बोटीने किंवा विमानाने. उत्तरेकडून जीपने यायचं तर खडक, वाळू आणि कोरडे ओढे ओलांडण्यात कित्येक दिवस जायचे. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात उतरणाऱ्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआनापासून दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासपर्यंतचा सुमारे १७०० किलोमीटरचा महामार्ग १९७३ च्या अखेरीस पुरा झाला. पुढे १९७७ मध्ये सान होसेला मोठा विमानतळ आला आणि हॉटेलने स्वतःची धावपट्टी सांभाळण्याचं कारणच संपलं. पाल्मिया आज मोठं आलिशान रिसॉर्ट आहे. फोटोत छोटं पांढरं चॅपेल दिसतं का, तेवढं पाहा. ओळख पटवायला ती खूण चांगली.

प्र. या हॉटेलांच्या धावपट्ट्या मातीच्या होत्या असं तुम्ही लिहिलंत. मातीवर विमान उतरवताना नेमकं काय वेगळं करावं लागतं? (विमानप्रशिक्षण घेणारी वाचक, बारामती)

आधी वरून एक फेरी. बघायचं ते असं: पट्टीवर गाढव किंवा गाय आहे का, पावसाने चर पडलेत का, वारा कुठून आहे. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खाऱ्या हवेत विटून, फाटून गेलेली असायची. तेव्हा नांगरलेल्या होड्या बघायच्या. प्रवाह जोराचा नसेल तर होडीचं नाक वाऱ्याकडे असतं. शिवाय हॉटेलच्या छपरावरून एक घिरटी घालायची रीत होती. आवाज ऐकून हॉटेलची गाडी पट्टीकडे निघे. तीच दारावरची घंटा.

उतरताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे) पूर्ण खाली, वेग कमी, आधी मागची दोन चाकं. पुढच्या चाकावर भार येऊ नये म्हणून कंट्रोल पोटाशी ओढलेलाच ठेवायचा. पुढचं चाक भुसभुशीत वाळूत रुतलं की विमान नाकावर जातं आणि प्रोपेलर वाकतो. ब्रेक करकचून दाबले तर चाक फिरायचं थांबून नांगरासारखं माती उकरतं. पट्टीचा मध्य सहसा दबलेला आणि कडा मऊ असतात, म्हणून कडेला वळण घेऊ नये आणि टणक जागा येईपर्यंत थांबूही नये. मऊ जागी थांबलेलं विमान पुन्हा हलवायला इंजिनाला जोर द्यावा लागतो, आणि तिथेच खडे उडतात.

खडे हा या पट्ट्यांवरचा खरा शत्रू. छोट्या विमानाच्या प्रोपेलरचं टोक जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं. जागेवर उभं राहून इंजिन जोरात फिरवलं की ते खडे वर ओढतं आणि पात्याच्या पुढच्या धारेला टवके पडतात. टवका लहान दिसला तरी ताण तिथेच गोळा होतो आणि पुढे तडा जातो. म्हणून उड्डाणाआधीची इंजिनतपासणी स्वच्छ, कडक जागेवर करायची किंवा चालत्या विमानात. टवका मेकॅनिककडून कानशीने गुळगुळीत करून घ्यायचा.

परत उडायचं ते सकाळी. हिशेब साधा आहे. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात. दुपारी ३५ झालं की वरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे २४०० फूट उंचीवर असल्यासारखी विरळ हवा. धाव ढोबळमानाने चौथ्या हिश्श्याने वाढते, आणि वाळूची ओढ त्याशिवाय. पट्टीचा अर्धा टप्पा खुणेने ठरवून ठेवा. तिथवर उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर इंजिनाचा जोर काढून थांबा.

आणखी एक गोष्ट. पिंपातून भरलेल्या इंधनात पाणी असायचं. ते शॅमॉय कातड्यातून गाळून घेत, कारण कोरड्या शॅमॉयमधून पेट्रोल जातं, पाणी अडतं. तरीही पहाटे विमान हलवण्याआधी टाकीच्या तळाचा नमुना काढायचा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं, आणि विमान हललं की ते पाणी ढवळलं जातं.

प्र. पकडलेले मासे घरी कसे नेत? (एक वाचक, सान होजे, कॅलिफोर्निया)

मोजून. चार आसनी सेसना १८२ ची एकूण वहनक्षमता साधारण ५०० किलो धरू. नेमका आकडा त्या विमानाच्या कागदांत असतो. २०० लिटर इंधन म्हणजे सुमारे १४४ किलो. ८० किलोची चार माणसं ३२०. उरले ३६ किलो, त्यात पिशव्या, गळाच्या काठ्या, पाणी आणि मासे. तिघेच आले तर माशांना जागा. शिवाय पेटी शेपटीकडच्या कप्प्यात जाते, म्हणून एकूण वजन बसलं तरी समतोल बिघडू शकतो. समतोल मागे गेलेलं विमान लवकर नाक उचलतं आणि ते खाली आणणं अवघड होतं.

मासा धरल्या दिवशीच साफ करून, तुकडे कोरडे पुसून, पातळ थरात कडक गोठवायचे आणि पेटी गच्च भरायची. मोकळ्या जागेत कागद कोंबा, कारण आतली हवाच बर्फ खाते. ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) मात्र नको. एक किलोपासून सुमारे ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो, आणि छोट्या विमानाच्या बंद कॅबिनमध्ये तो वैमानिकाला गुंगी आणायला पुरेसा आहे.

प्र. रूस्टरफिश कसा धरतात? आम्ही पागाने (फेकजाळ्याने) बोईट मासा पकडून तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) लावतो, तसंच का? (एक वाचक, मालवण)

बरंचसं तसंच. तिथेही पहाटे पाग टाकून जिवंत सार्डिन धरतात. गळ माशाच्या नाकपुडीतून आडवा घालावा, म्हणजे तो पोहत राहतो. पाठीत खोल घातला तर काही मिनिटांत मरतो, आणि मेलेल्या आमिषाकडे रूस्टरफिश क्वचितच वळतो. किनाऱ्यालगत, लाट फुटते तिथे, होडी अगदी हळू ठेवायची.

मग पाण्यावर तुरा दिसतो. पाठीवरचे सात लांब काटे उभे करून मासा आमिषामागे वळणं घेत येतो, आणि इथेच नवखा माणूस काठीला हिसका देतो. हिसका द्यायचा नाही. रीळ मोकळं सोडून मासा आमिष गिळून वळेपर्यंत थांबा, मग गोल वळलेला गळ असेल तर नुसती दोरी गुंडाळू लागा. गळ आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रिळाचा ताण दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा ठेवा: २० पौंडी तंगुसाला ५ ते ६ पौंड, तोही काट्यावर मोजून. बोटाने अंदाज घेणारे बहुधा जास्तच आवळतात.

हा मासा खाण्यात फारसा नाही, सोडूनच द्यावा.

प्र. जुन्या फोटोंत फळीवर टांगलेले मोठे मार्लिन दिसतात. ते सगळे खात का? (एक वाचक, नाशिक)

सगळे नाही. आठवणींच्या गोडव्यात हे विसरलं जातं. आता मेक्सिकोच्या नियमांप्रमाणे एका माणसाला दिवसाला १० मासे, एका जातीचे जास्तीत जास्त ५. मार्लिन एका होडीला एक. दोरादो (माही-माही) आणि रूस्टरफिश प्रत्येकी दोन. मार्लिन बहुतेक जण होडीच्या कडेलाच सोडून देतात.

प्र. तिथल्या ‘सिएरा’ माशाचं सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) सुरमईचं करता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

सिएरा सुरमईच्याच कुळातला मासा, तेव्हा चव जुळते. पण लिंबाने मासा पांढरा होतो, शिजत नाही, आणि परजीवी मरत नाहीत. म्हणून खात्रीचा ताजा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवून मगच घ्या. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा एवढा गार होतो का, ते थर्मामीटरने तपासा. गरोदर बायका आणि लहान मुलांना देऊ नका.

अर्धा किलो मासा, साल काढून, एक सेंटिमीटरचे तुकडे. बुडेल एवढा लिंबाचा रस, साधारण दहा लिंबं. फ्रीजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. जास्त ठेवलात तर मासा रबरासारखा होतो. मग रस निथळून कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर. मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर टोमॅटोला पाणी सुटतं.