गुंतलेलं, गुंफलेलं की विणलेलं?

प्रश्न : मी इंग्रजी लेखांचे मराठी अनुवाद करते. 'इंटरट्वाइन्ड', 'इंटरवोव्हन', 'एन्टँगल्ड' या तिन्ही शब्दांना माझ्याकडच्या कोशात 'गुंतलेले' एवढाच अर्थ दिलाय. दोन घराण्यांचा इतिहास 'इंटरट्वाइन्ड' आहे, असं वाक्य आलं. मी 'गुंतलेला' लिहिलं, संपादकांनी ते खोडलं. फरक कसा ओळखायचा?

उत्तर : संपादकांनी खोडलं ते योग्यच केलं. 'गुंतलेला' म्हटलं की वाचणारा लगेच तो गुंता सोडवायला बघतो, आणि तुमच्या वाक्यात सोडवण्यासारखं काहीच नाही.

'ट्वाइन' म्हणजे मुळात दोन पेड पिळून केलेला दोरा. 'टू', 'ट्विन', 'ट्विस्ट', 'बिट्वीन' ही सगळी त्याच्याच कुळातली मंडळी. 'टू' म्हणताना जो डब्ल्यू गप्प बसतो, तो या भावंडांत स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा 'इंटरट्वाइन्ड' असेल तिथे दोघं एकमेकांभोवती वळलेले असतात, पण कुणी कुणात विरघळून गेलेलं नसतं. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेली डीएनएची रचना आठवा. दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. पेशी विभागण्याआधी त्या सुट्या होतात आणि प्रत्येकीवरून नवी जोडीदारीण घडते. इतका पीळ असूनही दोघींचं वेगळेपण शाबूत! तुमच्या वाक्यात म्हणूनच 'एकमेकांत गुंफलेला' हवं.

'एन्टँगल्ड' मात्र खरा गुंता. तो कुणी मुद्दाम केलेला नसतो आणि अडकलेल्याला त्यातून सुटायचं असतं. समुद्रातल्या मासेमारीच्या जाळ्यांत देवमासे अडकतात, त्याला इंग्रजीत 'एन्टँगलमेंट'च म्हणतात. पुढचं शब्दयोगी अव्ययही बघत जा : 'एन्टँगल्ड' पुढे बहुधा 'इन' येतं, 'इंटरट्वाइन्ड' पुढे 'विथ'. अपवाद भौतिकशास्त्राचा. श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये 'एन्टँगलमेंट' वापरला तो अशा कणांसाठी, ज्यांच्या अवस्थेचं वर्णन एकेकट्याने पूर्ण करताच येत नाही. तिथे अडकणं नाही, सुटकेची धडपडही नाही. अशा लेखात मी तरी 'क्वांटम एन्टँगलमेंट' तसंच ठेवून एकदा अर्थ उलगडून सांगेन.

'इंटरवोव्हन'मध्ये माग आला, उभे-आडवे धागे आले. एक धागा ओढला तर सगळं कापड चुरगळतं. 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्टाइल' हे दोन्ही शब्द 'विणणे' अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, म्हणून कथानकातल्या धाग्यांबद्दल हा शब्द इतका सहज येतो. मराठीत आपल्याकडे 'वीण' आहेच, तो सोडू नका.

पिळलेलं, गुंफलेलं, विणलेलं, वेढलेलं, अडकलेलं : एवढे शब्द हाताशी असताना कोश एका 'गुंतलेले'वर भागवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वही करा आणि प्रत्येक शब्दासमोर वाचनात आलेलं एकेक वाक्य लिहीत जा.

'एन्टवाइन्ड' बहुधा वेलीसारखा. एक उभा, दुसरा त्याला वेढलेला. 'ब्रेडेड'ला साधारण तीन पेड लागतात. 'ट्विस्टेड' जपून वापरा. तो एकट्या वस्तूलाही चालतो, पण माणसाच्या मनाला लावला की अर्थ 'विकृत'कडे जातो. आणि 'क्लोज-निट' कुटुंब आलं तर 'घट्ट वीण असलेलं' लिहा. 'गुंतलेलं कुटुंब' लिहिलंत, तर वाचकाला तिथे कोर्टकचेरी चालू असल्यासारखं वाटेल.