मंडळीसोबत मीही ‘आमेन’ म्हटलं

पत्र (थोडं कापून):

“ताई, माझे यजमान सोलापुरातल्या एका शाळेत गणित शिकवतात, पण लोक त्यांना ओळखतात ते पोरांना पळवणारे सर म्हणून. पहाटे साडेपाचला मैदान, संध्याकाळी मैदान, रविवारी चर्चमध्ये उपासना आणि संडे स्कूल. पगार झाला की आधी दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा चर्चला, मग पोरांचे बूट, केळी, स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं. उरेल ते घर. पाण्याचा दिवस असला तरी सर मैदानावर, पिंपं मीच भरते. रिले शिकवायला माझी दोन लाटणी नेली, ती परत आली नाहीत. मुलगी नववीत असताना छान पळायची, पण ‘सरांची पोरगी म्हणून घेतली’ असं कुणी म्हणू नये म्हणून तिला संघात घेतलंच नाही. लग्नाला २६ वर्षं झाली. या मे महिन्यात सर निवृत्त होतील. मागच्या रविवारी त्यांनी मंडळीसमोर साक्ष दिली, की निवृत्तीच्या पैशातून गरीब पोरांसाठी मोफत सराव आणि खाणंपिणं सुरू करणार. मला ते तिथंच, तिसऱ्या बाकावर बसून कळलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. सर दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत, देवाचं काम करतात. मग मला राग का येतो? मी कोत्या मनाची आहे का?”

ताई,

नाही. हे उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं जरा निवांत वाचाल.

पहिल्या ओळीत तुम्ही ‘यजमान’ लिहिलंत आणि नंतर शेवटपर्यंत ‘सर’. मी सोलापुरात सात वर्षं काढली आहेत. मास्तरांच्या बायका नवऱ्याला सर म्हणतात, ही काही नवलाची गोष्ट नाही. पण सरांना काही विचारायचं तर हात वर करावा लागतो, आणि २६ वर्षांत तुम्ही तो केलेला दिसत नाही.

सरांचं काम खरं आहे, त्याला मी कमी लेखणार नाही. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, अशी पोरं तिथल्या मैदानांवर मी पाहिली आहेत. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच ऊन चावायला लागतं, म्हणून ती अंधारात येतात. आपण पळतोय आणि कुणीतरी आपल्यासाठी स्टॉपवॉच दाबतंय, एवढ्यानंच त्यातल्या एखाद्या पोराची मान ताठ होते. तुम्हालाही हे माहीत आहे, म्हणून तर तोंड उघडायची चोरी. दारुड्याच्या बायकोला अख्खी गल्ली धीर देते. सज्जन माणसाच्या बायकोनं तक्रार केली तर तीच गल्ली म्हणते, नशीब काढलंस की गं!

धावपटू एरिक लिडेलची गोष्ट सरांनी संडे स्कूलमध्ये सांगितलीच असेल. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, देवाच्या दिवशी, म्हणून त्यानं ती शर्यत सोडली, आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. गोष्ट बहुतेक जण इथं थांबवतात. पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, तिन्त्सिनच्या शाळेत विज्ञान शिकवू लागला, पोरांकडून खेळाचा सराव करून घेऊ लागला. म्हणजे तुमच्या सरांच्याच जातकुळीतला. १९४१ मध्ये तिथं राहणं धोक्याचं झालं तेव्हा त्याची बायको फ्लॉरेन्स गरोदर होती. दोन मुलींना घेऊन ती कॅनडाला गेली, तो कामासाठी मागं राहिला. तिसरी मुलगी त्यानं कधी पाहिलीच नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये, जपान्यांच्या कैदी छावणीत, मेंदूतल्या गाठीनं तो गेला. फ्लॉरेन्सनं नर्सची नोकरी करून तिन्ही मुली वाढवल्या. तिच्यावर कुणी प्रवचन दिलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

त्याच छावणीतली आणखी एक गोष्ट. रविवारी खेळ नाही, हा नियम त्यानं तिथंही पाळला. पोरं मग आपापली हॉकी खेळली आणि मारामारीवर आली. त्यानंतर तो रविवारीसुद्धा शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहिला. ज्या रविवारपायी ऑलिंपिकची शर्यत सोडली, तो रविवार! पण पोरांचं भांडण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. सरांच्या डोळ्यांसमोर काय असतं? ते घरी येतात तेव्हा पिंपं भरलेलीच असतात.

तेव्हा पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांना घरी थांबवा. पोरांना एक दिवस वरच्या वर्गातला कुणी पळवील. दोघं मिळून पाणी भरा आणि पाइप पिंपात असताना एकच वाक्य बोला, “मंडळीच्या आधी मला सांगायला हवं होतं.” २६ वर्षांचा हिशेब त्याच दिवशी काढू नका. पाळकसाहेबांना मध्ये घालू नका, निदान आत्ताच नको. आणि घरच्यांची काळजी घ्या असं सांगणारी बायबलमधली पौलाची वचनं त्यांच्या अंगावर फेकू नका, ती त्यांना तुमच्याहून जास्त पाठ असतील.

पैशाचं थोडक्यात सांगते. शाळा अनुदानित असेल आणि सर नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले असतील तर पेन्शन आहे, रोजचं भागेल. ग्रॅच्युइटी आणि फंड मात्र एकदाच येतात. निवृत्त माणसाला ५५ नंतरही पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत रक्कम ठेवता येते, पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत. खात्यात तुमचंही नाव घाला. दशमांशाचं गणित सरांना पक्कं येतं, आधी बाजूला काढायचं आणि मग खर्च. या वेळी तेच गणित घरासाठी करायला सांगा. उरलेल्यात मैदान, आणि ते किती ते दोघांनी ठरवायचं.

मुलीचं मात्र असं झटकन सांगता येत नाही. तीच पोर दुसऱ्या कुणाची असती तर तिला जागा मिळाली असती. सर याला निःपक्षपातीपणा म्हणत असतील. माझ्या मते ती लोकांच्या तोंडाची भीती होती आणि तिची किंमत चौदा वर्षांच्या पोरीनं भरली. पण हे येणं तिचं आहे, तुम्ही वसूल करू नका. तिला अजून सलतं का, ते आधी तिलाच विचारा. कदाचित ती विसरलीही असेल आणि तुम्हीच धरून बसला असाल, असंही होतं. सलत असेल तर पुढच्या वेळी घरी आल्यावर तिला बापाबरोबर पहाटे मैदानावर जाऊ द्या. तुम्ही जाऊ नका.

राहिली लाटणी. भाकरीला लाटणं लागत नाही, त्यामुळे घरातून काही गेलंय हे सरांच्या लक्षातही आलं नसेल. रिलेत हातोहात देतात ते खरं बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटिमीटरची पोकळ नळी, वजन निदान ५० ग्रॅम. तुमचं लाटणं त्याच्यापुढे दांडकं आहे. त्यावर हात बसलेल्या पोरांना स्पर्धेत हलकी नळी मिळाली की पकड चुकायची. पाइपच्या दुकानात मापाचे तुकडे कापून देतात, ते आणायला सांगा आणि एक लाटणं परत मागा. दुसरं राहू द्या पोरांकडे. इतकी वर्षं पळालंय, आता पोळपाटावर ते थोडंच रमणार!